दुसऱ्यांदा विचारायचं असतं

“नो, थँक यू,” मिस ॲश्टन म्हणाल्या, आणि सत्याप्पामामांनी त्यांच्या कपात तिसऱ्यांदा चहा ओतला.

मी शेजारीच बसले होते, दुभाषी म्हणून. मुख्याध्यापक चौगुले सरांनी सकाळीच बजावलं होतं, “रेगेबाई, आज शाळेची अब्रू तुमच्या हातात आहे. आमचं इंग्रजी सर्क्युलर वाचण्यापुरतं.” मी चोवीस वर्षांची होते. कोल्हापूरहून इंग्रजीत एम. ए. करून तळेवाडीच्या हायस्कुलात लागून मला दीड वर्ष झालं होतं आणि त्या दीड वर्षात माझ्याशी इंग्रजीत बोलणारं एकही माणूस भेटलं नव्हतं. नववीची पोरं ‘मे आय कम इन’ म्हणायची, तेही आत येऊन बाकावर बसल्यावर. त्यामुळे त्या दिवशी मी नवी साडी नेसले होते आणि आदल्या रात्री आरशासमोर चार वाक्यं म्हणूनही पाहिली होती. कबूल करायला आता लाज वाटत नाही.

शाळेची इमारत मुळात दवाखान्याची. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी एक इंग्रज डॉक्टरीणबाई ह्या घाटमाथ्यावर येऊन राहिली, तिनं तो बांधला. गाव तिला अष्टणबाई म्हणायचं. ती मायदेशी गेली, दवाखाना बंद पडला, मग तिथं शाळा आली. डिसेंबर शहाऐंशीत आलेल्या ह्या मिस ॲश्टन म्हणजे तिची भाची. ह्याही साठीच्या पुढच्या, उंच, किडकिडीत, मांडीवर चामड्याची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसलेल्या. आत्यानं आयुष्याची सोळा वर्षं जिथं काढली ती जागा एकदा डोळ्यांनी पाहायची म्हणून एवढ्या लांबून आल्या होत्या.

“तिसरा कप त्यांना नको असेल हो,” मी मामांना हळूच म्हटलं.

“नगं म्हनत्यातच की पावनी मान्सं,” मामा म्हणाले. “आपुन वतायचं.”

सत्याप्पा धोंडी पोवार हे आमच्या शाळेचे शिपाई. सगळी शाळा त्यांना मामा म्हणायची, चौगुले सरसुद्धा. निवृत्तीला पाच महिने उरले होते. बोलणं कमी, काम चोख. आणि एक खोड अशी की ते कुणाकडे काही मागत नसत. खडू संपले तर ‘खडू द्या’ म्हणायचे नाहीत, रिकामा डबा आणून टेबलावर ठेवायचे. रजा हवी असली की ‘पावण्यात लगीन हाय’ एवढं बोलून दारात उभे राहायचे. बाकीचं समोरच्यानं समजून घ्यायचं.

चौगुले सरांनी मामांना पुढं केलं. “बाईंना सांगा, ह्यांच्या आई त्यांच्या आत्यांच्या हाताखाली होत्या. तानूबाई.”

मी सांगितलं. मिस ॲश्टननी कप खाली ठेवला.

“तानू? तानूचा मुलगा?” त्या उठूनच उभ्या राहिल्या. मामांनी हात आधी विजारीला पुसले, मग पुढं केले. ते हात दोन्ही हातांत धरून त्या बराच वेळ बोलल्या आणि मी वाक्यावाक्याला मराठी करत गेले. आत्या शेवटपर्यंत तानूचं नाव काढायची. अडलेल्या बाळंतिणीपाशी तानू असली की तिला धीर यायचा. तानू गेली तेव्हा आत्या महिनाभर कुणाशी धड बोलली नव्हती. आणि ह्याच इमारतीच्या पायऱ्यांवर आत्यानं काढलेला तानूचा एक फोटो आहे. मग त्यांनी मामांकडे पाहत विचारलं, “तो तुम्हाला हवा आहे का? विचारा त्यांना.”

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. मामा दोन वर्षांचे असताना त्यांची आई तापानं गेली होती. तिचा चेहरा त्यांना आठवत नव्हता आणि ज्यांना आठवत होता ती माणसं केव्हाच गेली होती. मामांच्या देव्हाऱ्यात आईचा चांदीचा टाक होता. तो मी नवरात्रात हळदीकुंकवाला गेले तेव्हा पाहिला होता. पण टाकावर कुणाचा चेहरा असतो? सोनारानं ठोकलेले दोन डोळे, एक नाक, पदर. गावातल्या सगळ्या गेलेल्या बायका त्या सोनाराच्या हाताखालून एकसारख्याच निघालेल्या.

मी मामांना विचारलं. मामांनी खाली पाहिलं. हसले. मान हलवली.

“नगं नगं. कशाला उगंच त्येस्नी तरास.”

त्या खोलीत आम्ही तिघं मराठी माणसं होतो आणि तिघांनाही त्या ‘नको’चा अर्थ ठाऊक होता. आपल्याकडचं शेंबडं पोरसुद्धा तो ओळखतं. पण मी काय केलं? मी मान किंचित तिरपी केली आणि कॉलेजात शिकलेलं सगळं पणाला लावून, लांबलचक नि मऊसूत इंग्रजीत सांगितलं, की ते म्हणतात, त्यांच्यासाठी आपण कृपया कसलीही तसदी घेऊ नये.

“अच्छा,” मिस ॲश्टन म्हणाल्या, “बरोबर आहे.” खाली बसून त्यांनी पिशवी पुन्हा मांडीवर घेतली आणि तिच्यावर हात नीट जुळवले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुमचं इंग्रजी फार सुंदर आहे.”

झालं. मी जमिनीपासून चार बोटं वर उचलले गेले. त्यानंतर मामांच्या तोंडाकडे मी पाहिलंच नाही. त्या तासाभर वर्ग पाहत फिरल्या, जाताना आपला पत्ता लिहून दिला, आणि त्यांची जीप धुरळ्यात दिसेनाशी झाली. मामा फाटकाशी उभे होते. बराच वेळ उभे होते, एवढंच आठवतं.

तीन दिवसांनी मधल्या सुट्टीत मी वह्या तपासत होते. मामा आले, टेबल पुसलं, पुसलेलंच पुन्हा पुसलं.

“बाई,” ते म्हणाले, “मडमांनी परत इचारलंच न्हाई.”

मला काही तरी चावल्यासारखं झालं.

“मामा, तुम्हाला तो फोटो हवा होता?”

“आता काय सांगायचं,” मामा म्हणाले आणि फडकं पिळायला लागले. कोरडंच होतं ते.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी निळा एअरोग्राम आणला आणि मामांना समोर बसवलं. पत्रलेखन हा माझा हातखंडा. नववी-दहावीला मी विनंतीपत्रं शिकवत असे. ‘काइंडली’ कुठं घालायचं, ‘हायली ऑब्लाइज्ड’ कुठं, शेवटी नम्रपणा किती. पोरं ते पाठ करून दहापैकी आठ मार्क आणायची आणि आयुष्यात पुन्हा कधी पत्र लिहायची नाहीत.

“सांगा, काय लिहू?”

मामांनी डोळे मिटले. “लिवा. आमी सर्वी खुशाल हाय. तुमी आलासा, लई बरं वाटलं. गावानं तुमची आटवन काडली. थंडी हाय. आईचा आमच्याकडं फोटो न्हाई. म्या दोन वर्साचा हुतो. तुमी तब्येतीला जपून ऱ्हावा.”

“आणि पुढं?”

“पुडं काय? झालं की.”

“मामा, फोटो पाठवा, असं लिहायला हवं ना?”

“मग म्हटलं न्हाई काय, आईचा फोटो न्हाई म्हनून? शान्या मान्साला तेवडं रग्गड.”

मी कच्चा खर्डा केला. त्यात ‘कृपया फोटो पाठवावा’ असं एक वाक्य माझ्या पदरचं घातलं आणि मराठी करून त्यांना ऐकवलं. मामांनी कुणी झिडकारल्यासारखी मान मागं घेतली.

“अगा बाबौ! असं त्वांडावर?”

“ह्याला विनंती म्हणतात, मामा.”

“ही तर भिक्षा झाली. खोडा ते.”

खोटं कशाला बोलू, मलाही ते वाक्य उघडं-नागडंच वाटत होतं. मी खोडलं. त्याजागी मी जे विणलं त्याचा मला पुढं कितीतरी दिवस अभिमान होता. त्याचा मथितार्थ असा, की त्या फोटोसाठी आपल्याला त्रास देण्याचं आमच्या स्वप्नातही येणार नाही. आपला वेळ किती मोलाचा आहे ह्याची आम्हाला पूर्ण जाणीव आहे. तथापि आपल्या आत्यांच्या संग्रहात तानूबाईंची आठवण जपलेली आहे ह्या नुसत्या जाणिवेनंही आम्ही कृतार्थ आहोत. चौगुले सरांनी ते दोनदा वाचलं. “वा! असं इंग्रजी आता राहिलं नाही हो,” ते म्हणाले. त्यांना त्यातलं निम्मं कळलं असेल, पण मला तेवढं पुरलं. मामांनी खाली मराठीत सही केली. पत्र गेलं.

जानेवारी गेला. फेब्रुवारीही गेला. पोस्टमन दिसला की मामा घंटेपाशी जाऊन उगाचच तिचा दोर तपासायचे. एकदाही त्यांनी ‘पत्र आलं का’ असं विचारलं नाही. मीच सांगायची, “अजून नाही, मामा,” आणि ते म्हणायचे, “मी कुटं इचारलं?”

मार्चच्या पाच तारखेला उत्तर आलं. मी ते शिक्षकांच्या खोलीत उभ्यानंच फोडलं. अक्षर मोठं, वळणदार. मिस ॲश्टननी लिहिलं होतं, की तुमचं पत्र वाचून मन भरून आलं, इतकी विचारी माणसं आता दुर्मिळ. मी घर विकून लहान जागेत राहायला चालले आहे आणि आवराआवरीत खरोखरच बुडाले आहे, तेव्हा तुम्ही माझ्यावर आणखी काम टाकलं नाहीत ह्याबद्दल मी आभारी आहे. आत्याच्या पेट्या मार्चअखेर सामान नेणाऱ्याच्या हवाली करते आहे. तो ठेवेल ते ठेवेल, बाकीचं जाळेल. माझ्यामागं ते सांभाळणारं कुणी नाही. तुम्हा सर्वांना शुभेच्छा.

मी ते दोनदा वाचलं. मग बाकावर बसले. ‘तुम्ही माझ्यावर काम टाकलं नाहीत.’ म्हणजे माझं पत्र त्यांनी शब्दन् शब्द वाचलं होतं आणि शब्दन् शब्द खरं मानलं होतं. मी नम्रपणाची एवढी पुटं चढवली होती, की आत विनंती उरलीच नव्हती. आणि ती सगळी माझ्या हातची. मला स्वतःची अशी लाज त्यापूर्वी कधी वाटली नव्हती.

मामांना मी व्हरांड्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. जाळतील, हेही सांगितलं. ते पाण्याच्या पिंपाला टेकून ऐकत होते.

“जाऊ द्या,” ते म्हणाले. “त्येंच्या मनात न्हाई द्यायचं.”

“असं नाही, मामा. आपण मागितलंच नाही. आज लिहू, बारा दिवसांत पोचेल. पण स्पष्ट लिहायला हवं.”

“न्हाई.”

“का?”

मी हटून उभी राहिले. तास सुरू झाल्याची घंटा द्यायची वेळ झाली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मामांनी ती उशिरा दिली.

“बाई, म्या चुलत्याच्या घरात वाडलो,” ते म्हणाले. “चुलती भाकरी वाडायला बसली की इचारायची, ‘सत्या, आनी पायजे काय रं?’ आन इचारता इचारता भाकरीची बुट्टी उचलून आत चाललेली असायची. म्या म्हनायचो, नगं. येकदा म्हटलं हुतं, पायजे म्हनून. सात-आठ वर्साचा असंन. भाकरी दिली तिनं. पर ज्या नजरंनं दिली, ती भाकरी अजून हितं हाय.” त्यांनी गळ्याला हात लावला. “तवापासनं म्या मागत न्हाई. आन येक शिकलो. माया असली की मानूस दुसऱ्यांदा इचारतंय. येकदाच इचारनारं मानूस निस्तं रीत म्हनून इचारतंय. मडमांनी येकदाच इचारलं.”

पन्नास वर्षांपूर्वीची भाकरी मध्ये आली होती. तरी मी बोलले. शिकवायची सवय, दुसरं काय.

“मामा, त्यांच्यात उलटं असतं. कुणी नको म्हटलं की त्याचा शब्द राखायचा. परत परत विचारणं म्हणजे त्या माणसाला स्वतःचं मन कळत नाही, असं ठरवल्यासारखं. म्हणून त्या गप्प बसल्या. तुमचा मान ठेवायला गप्प बसल्या.”

“खरं?”

“खरं. आणि तीन-तीनदा चहा ओतलात तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, त्याचाही विचार करा.”

मामा हसले नाहीत. ते पायऱ्यांकडे पाहत होते.

“म्हंजे त्येंस्नी वाटलं असंल,” ते सावकाश म्हणाले, “की आईचा फोटो द्याला निगालो, आन पोरगा नगं म्हनतोय.”

“हो. असंच वाटलं असेल.”

“आईला नगं म्हटलं म्या.”

“शब्द तसाच गेला, मामा.”

तेवढ्यात चौगुले सरांची ‘मामा, घंटा!’ अशी हाक आली. मामा गेले, घंटा दिली, आणि परत आले. मी तास सोडून तिथंच उभी होते.

“लिवा,” मामा म्हणाले. “मला माजी आई बगायची हाय. फोटो द्या.”

“आणखी?”

“आनी काय न्हाई.”

मी वर्गातून वहीचा कागद आणला आणि पिंपाच्या झाकणावर ठेवून लिहिलं. इंग्रजीत दोनच वाक्यं झाली. एकात ‘प्लीज’ होतं, तेवढीच माझी भर. वर ‘डिअर मिस ॲश्टन’, खाली मामांची सही. संध्याकाळच्या एस्टीनं मी स्वतः गडहिंग्लजला गेले आणि तिथल्या पोस्टातून ते पाठवलं.

मार्च संपला. परीक्षा आल्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काही नाही. दुसऱ्या आठवड्यात मामा मला टाळायला लागले, म्हणजे खोलीत आले तर माझ्या टेबलाकडे न पाहता जायचे. मला रात्री स्वप्नात जळणाऱ्या पेट्या दिसायच्या. चौगुले सर म्हणाले, “पहिल्या पत्रासारखं झकास लिहायचं होतं हो, रेगेबाई.” मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

एकवीस एप्रिलला, मंगळवारी दुपारी, जाड पुठ्ठा घातलेलं रजिस्टर पाकीट आलं. वर नाव मामांचं. त्यांच्या नावानं आलेलं पहिलंच टपाल असावं, कारण पोस्टमननं दोनदा विचारलं, “सत्याप्पा धोंडी पोवार म्हंजे मामाच न्हवं?”

मुलं गेली होती. आम्ही दोघं पायऱ्यांवर बसलो. मामा म्हणाले, तुमी फोडा. मी म्हटलं, नाही, तुम्ही. त्यांनी खिशातल्या अडकित्त्यानं कड कापली आणि पुठ्ठ्याच्या मधून फोटो ओढला.

पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा, तपकिरी पडलेला. ह्याच पायऱ्या. पायरीवर एक बाई उभी, विशीतली. लुगड्याचा काचा मारलेला, पदर कमरेला खोचलेला, हातात एनॅमलचं घमेलं. ऊन डोळ्यांवर आल्यामुळे डोळे बारीक केलेले. तोंड अर्धवट उघडं, फोटो काढणारीला काही तरी सांगत असावी. बहुतेक ‘लवकर आटपा’ असं.

मामांनी तो हातात धरला, लांब नेला, जवळ आणला. चष्मा काढून पुसला. खालच्या रस्त्यानं एक बैलगाडी आली आणि पार दिसेनाशी झाली. मग फोटो मांडीवर ठेवून, त्यावरची नजर न काढता म्हणाले, “पत्रात काय म्हनत्यात?”

मी पत्र उघडलं. लहानच होतं. मी मनात वाचलं आणि चौथ्या ओळीशी अडकले.

“वाचा की.”

“त्या म्हणतात, विचारलंत ह्याबद्दल मनापासून आभार. पेट्या गेल्या, पण हा फोटो त्यांत नव्हता, म्हणून वाचला.” मी थांबले. पुढची ओळ गाळता आली असती. मामांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्यांना कळायचं काही कारण नव्हतं. पण एकदा मी सोयीस्कर भाषांतर केलं होतं, त्याचं काय झालं ते आम्ही दोघांनी पाहिलं होतं. “म्हणतात, मी त्या दिवशी आले तेव्हा तो माझ्या पिशवीतच होता. तानूच्या घरचं कुणी भेटलं तर द्यावा म्हणूनच बरोबर आणला होता. तुम्ही नको म्हणालात. मला वाईट वाटलं, पण तुमची काही कारणं असतील असं समजून मी तो परत घेऊन गेले. पिशवीतून काढून पेटीत ठेवायचं मनच झालं नाही.”

मामा ऐकत होते. हाताचा तळवा त्यांनी फोटोवर हळूच पालथा ठेवला, उन्हापासून झाकावा तसा.

“म्हंजे आई दारात आलीवती,” ते म्हणाले. “हितंच. आन परत गेली.”

मला राहवलं नाही. “मामा, त्या दिवशी तुमचं ‘नको’ मी सांगितलं त्यांना. ते नको नाही, हे मला ठाऊक होतं. त्यांना समजावून सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण माझं इंग्रजी कसं छान वाटतंय, ह्यातच मी होते.”

मामांनी पहिल्यांदा फोटोवरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, म्हणतील, जाऊ द्या हो बाई. त्यांनी तसं म्हटलं नाही.

“मग सांगायचं हुतं की वो, बाई,” ते म्हणाले.

एवढंच. आवाज चढवला नाही, काही नाही. पण इतक्या वर्षांत मला कुणी इतकं लागेल असं बोललेलं आठवत नाही. मी पदरानं डोळे पुसले. मामांनी मला पुसू दिले. मग म्हणाले, “बाई, येक मागू काय?”

हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. “मागा ना.”

त्यांनी फोटो माझ्या हातात दिला. “नीट बगा, आन मग माज्याकडं बगा. म्या हिच्यावानी दिसतो काय? म्या बापावर गेलो म्हनायची चुलती, रागानं म्हनायची. खरं काय ते सांगा. आन बाई, मला बरं वाटावं म्हनून सांगू नगासा.”

मी फोटो त्यांच्या चेहऱ्याशेजारी धरला. मामा फोटो स्टुडिओत बसतात तसे ताठ बसले, श्वास रोखून. मी अजिबात घाई केली नाही.

“कपाळ नाही,” मी म्हटलं. “त्यांचं अरुंद आहे. डोळे, सांगता येत नाही, उन्हानं मिटलेत. नाक तुमचं नाही, मामा. कानही नाहीत.”

“बरं,” मामा म्हणाले.

मी फोटो आणखी जवळ नेला. “हनुवटी. थांबा, मान वर करा. खाली मधोमध खळगा आहे त्यांना. तुम्हाला आहे का, दिसत नाही, दाढी वाढलीय.”

मामांची दाढी नऊ दिवसांची झाली होती. गावात न्हावी रविवारी बाजाराला यायचा, त्यामुळे गावातल्या सगळ्या पुरुषांची दाढी शनिवारी एकसारखी वाढलेली असायची, आणि त्या रविवारी मामा कुठल्याशा कार्याला गेल्यानं त्यांची राहून गेली होती. त्यांनी पांढऱ्या खुंटांत अंगठा घातला आणि हनुवटीवरून फिरवला. एकदा, दोनदा. मग अंगठा एका जागी थांबला.

“हाय,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बुधवार. मला शाळेत पोचायला पाच मिनिटं उशीर झाला. चौगुले सर दारात चिडून उभे होते, कारण घंटा झाली नव्हती आणि पोरं मैदानभर उधळली होती. मामा त्यानंतर आले. पहिल्या एस्टीनं गडहिंग्लजला जाऊन सलूनमध्ये गुळगुळीत दाढी करून आले होते. सरांकडे त्यांनी पाहिलंही नाही. सरळ माझ्यापुढं येऊन उभे राहिले आणि मान वर केली.